सदरची मोजणी आणि ‘कॉर्स’ची फाईल

नागपूरच्या सदर भागातील एखाद्या मिळकतीच्या कोपऱ्यावर तिपाईवर रिसीव्हर मांडून घेतलेले उपग्रहीय निरीक्षण एकट्याच्या बळावर काही मीटरांची चूक बाळगून असते. परंतु भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पोर्टलवर रीतसर नोंदणी करून, ‘कॉर्स’ (अखंड नोंद घेणाऱ्या संदर्भ केंद्रांच्या) जाळ्यातील निकटच्या स्थायी केंद्राची त्याच वेळेची ‘राइनेक्स’ नमुन्यातील निरीक्षणांची फाईल उतरवून घेतली व उभय नोंदींचे मागाहून एकत्र गणित मांडले, की तीच चूक सेंटिमीटरांवर येते. तारखेबाबत मात्र सावध असावे (नवख्यांची फसगत बहुधा येथेच): या फायलींचा दिवस आपल्याकडे पहाटे ५.३० च्या सुमारास बदलतो, सबब पाचच्या निरीक्षणास आदल्या तारखेची फाईल लागते. शिवाय हाती येणारी उंची गणिती लंबगोलापासूनची असल्यामुळे, जवळच्याच झिरो माईल येथील समुद्रसपाटीच्या उंचीशी ताडून पाहता ती ५० मीटरांहून अधिक कमी भरते. म्हणून भूसमपृष्ठाची (‘जिऑइड’ची) दुरुस्ती केल्याविना ती दप्तरी दाखल करू नये.