माकडताप माणसाला शिवून होत नाही!

काजूचा हंगाम आला की आम्हा कोकणातल्या बायकांना उसंत नसते. सकाळीच बागेत जायचं, काजू वेचायचे, येताना डोक्यावर पातेऱ्याचा भारा. नेमका याच दिवसांत, साधारण डिसेंबर ते मे, माकडताप डोकं वर काढतो.

१९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात हा आजार प्रथम सापडला. २०१५ मध्ये तो गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये आमच्या दोडामार्ग तालुक्यात आढळला. अचानक ताप, असह्य डोकेदुखी-अंगदुखी, उलट्या आणि काहींच्या नाका-हिरड्यांतून रक्त. शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात.

आमच्या बचत गटातली एक मैत्रीण यातून बरी होऊन घरी आली, तर शेजारणी तिच्या हातचा चहाही घेईनात! मैत्रिणींनो, रक्तस्राव करणारे सगळे ताप सारखे नसतात. इबोला रुग्णाच्या रक्ताच्या, उलटीच्या स्पर्शाने पसरतो. डेंग्यू डासामुळे होतो. माकडताप पसरवते ती गोचीड. तो माणसाकडून माणसाला होत नाही. मग त्या बिचारीला वाळीत का टाकायचं?

घाबरायचं तर गोचिडीला. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी आसपासच्या पातेऱ्यात उतरतात. तिळाएवढं पिल्लू चावलेलं कळतही नाही. म्हणून मेलेल्या माकडाजवळ जाऊ नका, लगेच आरोग्य केंद्राला कळवा. बागेत जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायांत बूट हवेतच. आरोग्य केंद्रातून तेल मिळालं तर सांगतील तसं लावा. पातेऱ्यावर टेकू नका. घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा, कपडे गरम पाण्यात धुवा. गोचीड चिकटलेली दिसली तर बोटांनी चिरडू नका, चिमट्याने सरळ ओढून काढा आणि जागा साबणाने धुवा.

यावर खास औषध नाही. पूर्वीची लस फारशी उपयोगी पडेना, म्हणून ती बंद झाली. पण वेळेवर सलाईन आणि देखरेख मिळाली तर बहुतेक जण बरे होतात. आपण बायका ताप अंगावर काढतो. ‘हंगाम संपू दे, मग बघू’ म्हणतो. तसं करू नका. मनाने वेदनाशामक गोळ्याही घेऊ नका, त्यातल्या काहींनी रक्तस्राव वाढतो. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा, ‘मी जंगलात, काजूत जाते.’