पाळीतला अतिरक्तस्राव अंगावर काढू नका

पनवेलहून सुटलेली हार्बर लोकल सीएसएमटीला पोहोचायला सव्वा तासाहून अधिक वेळ घेते आणि डब्यात स्वच्छतागृह नसतं. जिला तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतं, तिला महिन्यातले ते दिवस डाग पडण्याच्या धास्तीतच काढावे लागतात. तळोज्याच्या कारखान्यात दिवसभर उभ्यानं काम करणाऱ्या बाईला तर रजा घेतली की त्या दिवसाची मजुरीही गमवावी लागते. घरी विचारलं तर उत्तर ठरलेलं: बाईच्या जातीला हे असायचंच.

हे असायचंच नसतं. पूर्वी एका पाळीत ८० मिलिलिटरहून अधिक रक्त गेलं तर तो अतिरक्तस्राव मानत. आता डॉक्टर मोजमापापेक्षा बाईच्या जगण्यावर होणारा परिणाम पाहतात. सात दिवसांहून जास्त अंगावरून जाणं, रक्ताच्या मोठ्या गाठी पडणं, पॅड बदलायला रात्री उठावं लागणं ही त्याची लक्षणं.

निरोगी रक्ताच्या दर मिलिलिटरमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जातं, तर जेवणातून दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम अंगी लागतं. महिन्यामागून महिने तूट वाढते. मग जिना चढताना धाप लागते, केस गळतात, कामात लक्ष लागत नाही, चिडचिड होते, आणि तिला आळशी ठरवलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यामागे आहाराबरोबर पाळीतला रक्तस्रावही असतो.

कारणं अनेक: गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी, पॉलिप, थायरॉइडचा बिघाड, तांबी, रजोनिवृत्तीच्या आधीचे हार्मोनचे चढउतार. पहिल्या पाळीपासूनच खूप जात असेल, तर रक्त गोठण्यातला आनुवंशिक दोषही तपासावा लागतो. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड आणि सोनोग्राफी एवढ्या तपासण्यांवरही पुष्कळदा निदानाची दिशा मिळते.

उपचारही आहेत. लोहाच्या गोळ्या, रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, हार्मोनच्या गोळ्या, गर्भाशयात बसवायचं हार्मोनयुक्त साधन. त्यांनी भागलं नाही तर गाठ काढण्याची शस्त्रक्रिया. गर्भाशयाची पिशवी काढणं बहुतेकींसाठी शेवटचा पर्याय असायला हवा. बीडमध्ये काय झालं ते आठवा. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या आकडेवारीत, पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पाळीत खाडा झाला तर दंड, फडावर ना पाणी ना आडोसा, आणि दवाखान्यात दाखवलेली कर्करोगाची भीती, यातून हे घडलं. अंडाशयंही काढली, तर ऐन तिशीत हाडं ठिसूळ होऊ लागतात.

म्हणून तीन महिने तारखा, पॅडची संख्या आणि गाठी वहीत लिहा आणि ती वही घेऊन उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. चक्कर येत असेल, तासाला पॅड भिजत असेल किंवा पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर वहीची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा. पिशवी काढायला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. आणि घरातल्या पुरुषांनो, तिला डॉक्टरांकडे घेऊन जाणं हे तुमचंही काम आहे.