उसाच्या बेटावरची गायिका

ऑपेरा म्हणजे काय, असे मुलांनी विचारले तर सांगावे, की आपल्या संगीत नाटकासारखेच ते. मात्र त्यात बहुतेक बोलणेही गाऊनच होते. ध्वनिक्षेपक नसतो. पुढे वादकांचा मोठा ताफा वाजत असतो आणि त्यावरून आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा असतो. फ्रान्समध्ये या कलेत मानाचे स्थान मिळविणाऱ्या क्रिस्तियान एदा-पिएर या कृष्णवर्णीय होत्या.

त्यांचा जन्म २४ मार्च १९३२ रोजी मार्टिनिक या कॅरिबियन समुद्रातल्या फ्रेंच बेटावर झाला. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांना तेथे उसाच्या मळ्यांत गुलाम म्हणून राबवीत. ती गुलामगिरी १८४८ साली संपली. क्रिस्तियान यांचे आजोबा पॉल नार्दाल इंजिनिअर झाले. त्यांना सात मुली, आणि मुली म्हणून त्यांनी एकीचेही शिक्षण अडविले नाही! त्यांतली पोलेत पॅरिसच्या सोरबोन विद्यापीठात शिकली आणि १९३१ मध्ये कृष्णवर्णीयांचे नियतकालिक काढण्यात तिने पुढाकार घेतला. आलीस संगीत शिक्षिका झाली. ही क्रिस्तियान यांची आई.

पॅरिसच्या संगीत विद्यालयातून १९५७ साली तीन प्रथम पारितोषिके घेऊन क्रिस्तियान बाहेर पडल्या. पुढे त्यांनी गाजविलेल्या भूमिकांपैकी एक आपल्या वाचकांना मुद्दाम सांगावीशी वाटते. ती म्हणजे दलीब यांच्या १८८३ सालच्या ऑपेरातली 'लाक्मे'. कथा इंग्रजी अमदानीतल्या हिंदुस्थानची. (हा हिंदुस्थान पॅरिसमध्ये बसून रंगविलेला, आपल्याला तो ओळखू येणार नाही, ते असो.) लाक्मे ही ब्राह्मण पुजाऱ्याची मुलगी. तिच्यावर प्रेम करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याला हुडकून काढण्यासाठी बाप तिला भर बाजारात गायला लावतो. आणि ती गाते कोणाची गोष्ट? सगळीकडून हाकलल्या जाणाऱ्या अस्पृश्याच्या मुलीची! रानात हिंस्र श्वापदांनी घेरलेल्या वाटसरूला ती मुलगी आपली घंटी वाजवून वाचविते, आणि तो वाटसरू निघतो साक्षात विष्णू. घंटीच्या नादासारखे अतिशय उंच स्वर या गाण्यात लागतात. भल्याभल्या गायिकांची तेथे कसोटी लागते. गुलामांच्या घामावर उभ्या राहिलेल्या बेटावरची मुलगी पॅरिसच्या रंगमंचावर हे गाणे गात होती.

१९८० मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्या मोझार्टची नायिका झाल्या. २८ नोव्हेंबर १९८३ रोजी पॅरिसच्या ऑपेरागृहात मेसियाँ यांच्या संत फ्रान्सिसवरील ऑपेराचा पहिला प्रयोग झाला. त्यात फ्रान्सिस एका कुष्ठरोग्याला जवळ घेतो, आणि त्याच प्रवेशात देवदूताचा आवाज ऐकू येतो. युरोपातल्या चित्रांत देवदूत बहुधा गोराच असतो. त्या रात्री ती भूमिका एदा-पिएर यांनी केली.

ज्या विद्यालयात त्या शिकल्या, तेथेच १९७७ पासून त्या शिकवू लागल्या. ६ सप्टेंबर २०२० रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.