निरंक, लागू नाही आणि कोरं

माझी भाची बारावीनंतरच्या सुट्टीत डेटाबेस शिकायला बसली. पुस्तकातली 'कर्मचारी आणि विभाग' ही उदाहरणं तिला कंटाळवाणी वाटली, म्हणून तिला गावच्या वाचनालयाच्या वह्या दिल्या. सभासदांचा एक तक्ता, पुस्तकांचा एक, देवघेवीचा एक. चार दिवसांत सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट हाताला बसले. पाचव्या दिवशी लॅपटॉप घेऊन ओट्यावर आली.

"मामा, एकदाही पुस्तक न नेलेल्या सभासदांची यादी काढतेय, तर एकही नाव येत नाही. म्हणजे सगळ्यांनी पुस्तकं नेलीत?"

दोनशेच्या वर सभासद आणि सगळे वाचणारे! आमचं गाव मला चांगलं माहीत आहे. "देवघेवीच्या तक्त्यात कुठेतरी एक रकाना कोरा असणार," मी म्हटलं आणि मनातून खूश झालो. कोऱ्या रकान्यावर बोलायला मला नेहमीच निमित्त हवं असतं.

याचं मूळ वडिलांत. ते तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. वरून छापील तक्ते यायचे, ते भरून पाठवायचे. 'अतिवृष्टीने पडलेली घरे' या रकान्यात, एकही घर पडलं नसेल तर, ते 'निरंक' लिहीत. ज्या गावाला कालवाच नाही, त्याच्या 'कालव्याखालील क्षेत्रा'पुढे 'लागू नाही'. आणि तलाठ्याकडून आकडा आलाच नसेल तर रकाना कोरा. कोऱ्या रकान्याचा अर्थ एकच: तलाठ्याला तगादा लावायचा.

डेटाबेसचा इतिहास थोडक्यात उरकतो. रिलेशनल डेटाबेसची कल्पना एडगर कॉड यांची. जन्म इंग्लंडमधला, दुसऱ्या महायुद्धात वैमानिक, नंतर अमेरिकेत आयबीएममध्ये. निबंध १९७० चा, ट्युरिंग पुरस्कार १९८१ चा. त्या कल्पनेवर चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये 'सीक्वेल' ही भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. झालं.

मी शिकलो १९९१ साली, डीबेस थ्री प्लसवर. काळ्या पडद्यावर एक ठिपका लुकलुकत आपली वाट बघायचा. 'झॅप' म्हटलं की तक्त्यातल्या सगळ्या नोंदी साफ. तो पराक्रम मी एकदा केला आहे, पण आजचा विषय तो नाही. डीबेसमध्ये आकड्याचा रकाना कोरा ठेवला की हिशेबात तो शून्य धरला जाई. क्लासच्या चाचणीत एकाला ६०, एकाला ८०, तिसरा गालफुगीने घरी. सरासरी आली ४६.६७! आजारी पोराने सगळ्या वर्गाला नापासाच्या वाटेवर नेलं. एसक्यूएलमध्ये तो रकाना 'नल' असला तर सरासरी काढताना वगळला जातो आणि उत्तर ७० येतं.

नल ही किंमत नाही, किंमत नसल्याची खूण आहे. शिकाऊ माणूस हमखास घसरतो तो इथे. परत न आलेली पुस्तकं शोधायला 'परत तारीख बरोबर नल' असं लिहून चालत नाही. 'इज नल' लिहावं लागतं. माहीत नसलेली एक तारीख माहीत नसलेल्या दुसऱ्या तारखेइतकी आहे का? कोण सांगणार? म्हणून इथे उत्तरं तीन: हो, नाही आणि अज्ञात. नोंदी निवडताना लावलेला 'व्हेअर' फक्त 'हो'ला आत घेतो. गंमत अशी की नोंद भरताना लावलेली 'चेक'ची अट फक्त 'नाही'ला अडवते. 'वय १८ किंवा जास्त' अशी अट घाला आणि वय कोरं सोडा, नोंद बिनबोभाट आत जाते. तेच अज्ञात, एका दारावर रोखलेलं, दुसऱ्यावर सलाम! त्यामुळे रकाना भरलाच पाहिजे असं असेल तर तक्ता बांधतानाच 'नॉट नल' लिहावं.

कॉड यांनाही ही एकच खूण पुरेशी वाटली नव्हती. १९९० च्या आपल्या पुस्तकात त्यांनी दोन वेगळ्या खुणा सुचवल्या: माहिती असायला हवी पण हाती नाही, ती एक, आणि माहिती लागूच होत नाही, ती दुसरी. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या एका जुन्या पुस्तकात हे वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसलो. वडिलांच्या तक्त्यात हे दोन्ही होतं! एसक्यूएलने मात्र एकाच नलवर भागवलं. कॉड यांचे सहकारी क्रिस डेट तर नल मुळातच नको म्हणतात. मला ते पटत नाही. तलाठ्याचा आकडा येईपर्यंत काहीतरी लिहायलाच लावलं, तर माणूस शून्य ठोकून मोकळा होतो.

तर भाचीची यादी. तिने 'नॉट इन' वापरलं होतं: ज्यांचा क्रमांक देवघेवीत नाही, ते सभासद दाखव. समजा सभासद १७. तो ३ आहे का? नाही. ८ आहे का? नाही. कोऱ्या रकान्यातला तो कोण, तो १७ आहे का? अज्ञात. एवढ्या एका अज्ञाताने सगळी अट अज्ञात होते आणि १७ बाहेर राहतो. तसाच १८, तसाच १९. पुस्तक न नेलेला प्रत्येक जण एका कोऱ्या चौकटीपाशी अडला होता.

मूळ वही काढली. खरंच, एका पावसाळ्यातल्या नोंदीत पुस्तकाचं नाव, तारीख सगळं होतं, सभासद क्रमांक तेवढा नव्हता. भाचीने देवघेवीतले क्रमांक काढणाऱ्या आतल्या प्रश्नात 'इज नॉट नल' जोडलं आणि एंटर दाबलं.

अकरा नावं आली. तिसरं आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांचं होतं.