नस दबली आहे का? ऑपरेशनची घाई नको, उशीरही नको

रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात दोन तास बसल्यावर कंबर धरून उठणारं कुणीतरी तुमच्या ओळखीचं असेलच. कदाचित ते तुम्हीच असाल. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं मालिश करून घ्या, कुणी म्हणतं मणक्याचं ऑपरेशन केलं की माणूस अंथरुणाला खिळतो. पण हा निर्णय ऐकीव गोष्टींवर नाही, शरीर देत असलेल्या लक्षणांवर घ्यायचा असतो.

लक्षणं ओळखा

दोन मणक्यांमधली गादी सरकून नसेवर दाब आला, की कंबरेपेक्षा पाय जास्त दुखतो. कळ नितंबातून पोटरीपर्यंत उतरते, खोकला-शिंक आली की वाढते. मुंग्या येतात, बधिरपणा जाणवतो. घरीच पाहा : टाचांवर चालता येतं का? चवड्यांवर उभं राहता येतं का? चालताना चप्पल निसटते का? जमत नसेल तर पायातली ताकद कमी होते आहे, डॉक्टरांना लगेच दाखवा.

इथे थांबू नका

लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावर ताबा न राहणं, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा, दोन्ही पायांत अशक्तपणा. यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी टाटीबंधचं एम्स किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. अशा वेळी ऑपरेशन तातडीचं असतं. उशीर झाला तर नुकसान कायमचं राहू शकतं.

बाकीच्यांनी काय करावं?

धोक्याची लक्षणं नसतील तर बहुतेकांना 6 ते 12 आठवड्यांत औषधं, फिजिओथेरपी आणि हालचाल यांनी आराम पडतो. सतत पडून राहू नका. केवळ एमआरआयचा रिपोर्ट पाहून घाबरू नका. अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या एमआरआयमध्येही गादी फुगलेली दिसते, विशीत सुमारे 30 टक्के लोकांत आणि ऐंशीत 84 टक्के लोकांत.

नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या 283 रुग्णांवर झालेला अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर ऑपरेशन केलेल्यांचं दुखणं लवकर थांबलं, पण वर्षभरानंतर दोन्ही गट जवळपास सारखेच बरे होते. मात्र थांबलेल्यांपैकी 39 टक्के लोकांना त्या वर्षात ऑपरेशन करावंच लागलं. म्हणजे थांबणं चूक नाही आणि ऑपरेशन करणं म्हणजे हार नाही.

डॉक्टरांना विचारा

माझी लक्षणं आणि एमआरआयमध्ये दबलेली नस जुळते का? ऑपरेशनने पायाची कळ जाईल की कंबरदुखीही? (पायाला आराम जास्त खात्रीने मिळतो.) गादी पुन्हा सरकू शकते का? कामावर कधी जाता येईल? उत्तरं पटली नाहीत तर दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्या. त्यात संकोच कसला? पाय तुमचा आहे, निर्णयही तुमचाच.