परक्या गणवेशाची मदत

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने 57 फुटांची पातळी गाठली. धोक्याची पातळी 45 फूट. ज्या रस्त्यांवरून एरवी रिक्षा धावतात, त्यांवरून लष्कर, नौदल आणि एनडीआरएफ यांच्या बोटी फिरू लागल्या. नौदलाची काही पथके तर थेट विशाखापट्टणमहून आली होती. त्यांना ना इथली भाषा ठाऊक, ना गल्ल्या. तरीही एका बोटीतील स्त्रीने जवानाच्या पायांना हात लावला आणि ते दृश्य देशभर पाहिले गेले. बाहेरची मदत पोहोचण्यास लागणारा वेळ मात्र महाग पडतो. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावातल्याच बोटीत माणसे दाटीने बसली, बोट उलटली आणि अनेक जीव गेले.

शेजारच्या सातारा जिल्ह्याला सैनिक परमुलखात जाताना पाहण्याची सवय आहे. अपशिंगे गावातील 46 जण पहिल्या महायुद्धात कामी आले. त्या गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द चिकटला आहे. पण तो प्रवास युद्धासाठी होता. आपत्तीत मदत करण्यासाठी एका देशाचे सैन्य दुसऱ्या देशात उतरते, तेव्हा प्रकरण नाजूक होते. सांगलीत कोणी जवानाला परवानगीपत्र विचारले नाही. सीमेपलीकडे तो प्रश्न पहिला असतो.

2005 च्या ऑक्टोबरात काश्मीर भूकंपाने हादरले. पाकव्याप्त भागात डोंगरातील रस्ते तुटले होते आणि हेलिकॉप्टर हाच मार्ग उरला होता. पाकिस्तानने भारताची हेलिकॉप्टरे मागितली, पण भारतीय वैमानिकांविना. भारताने नकार दिला. दोन्ही राजधान्यांचे तर्क समजण्यासारखे आहेत. ढिगाऱ्याखालच्या माणसाला मात्र त्यांतील एकही उपयोगाचा नव्हता.

भारत स्वतःही याबाबत मानी आहे. 2004 च्या त्सुनामीनंतर त्याने परकीय सरकारांची मदत नम्रपणे नाकारली, आणि त्याच दिवसांत आपली जहाजे श्रीलंका, मालदीव व इंडोनेशियाकडे रवाना केली. त्याआधी, 2001 च्या कच्छ भूकंपात, धोरण वेगळे होते. भूजमध्ये इस्रायली सैन्याचे तंबूतील रुग्णालय उभे राहिले. त्या देशाशी भारताचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळून तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. मोडलेल्या हाडांना त्याने काय फरक पडणार होता!

संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने 1994 मध्ये ठरलेली ऑस्लो मार्गदर्शक तत्त्वे म्हणूनच वाचनीय आहेत. नागरी साधने अपुरी पडतील तेव्हाच परकीय लष्कराला बोलवावे, आपद्ग्रस्त देशाची संमती असावी आणि मदतीची सूत्रे नागरी यंत्रणेच्या हाती राहावीत, असा त्यांचा आशय. सैन्याजवळ विमाने, पूल आणि शिस्त असते. मात्र धान्य कोणत्या वस्तीला आधी पोहोचवावे, हे स्थानिक माणूसच जाणतो.

या तत्त्वांची कसोटी 2015 मध्ये नेपाळात लागली. 25 एप्रिलच्या भूकंपानंतर काही तासांतच भारतीय वायुदलाची विमाने काठमांडूला पोहोचली. मोहिमेचे नाव ‘मैत्री’. पण मदतीचा गाजावाजा करणाऱ्या भारतीय वृत्तवाहिन्यांवर तिथे संताप व्यक्त झाला. ब्रिटनने पाठविलेल्या तीन चिनूक हेलिकॉप्टरांना नेपाळने प्रवेशच दिला नाही. ती भारतातूनच परतली. एका बाजूला हा संशय, तर दुसऱ्या बाजूला 12 मे रोजी डोंगरात कोसळलेले अमेरिकी मरीनांचे हेलिकॉप्टर: त्यात सहा अमेरिकी आणि दोन नेपाळी सैनिक एकत्र मृत्यू पावले.

फेब्रुवारी 2023 मध्ये तुर्कस्तानातील भूकंपानंतर भारतीय लष्कराने इस्केंडेरून येथे रुग्णालय उघडले. काश्मीरप्रश्नावरून त्या देशाशी संबंध तेव्हा फारसे गोड नव्हते. मोहिमेला नाव दिले होते ‘दोस्त’. हा शब्द तुर्कीतही आहे, त्याच अर्थाने.