अ‍ॅनबाईंचे घोडे

विद्यार्थी मित्रांनो, पुढील शब्द मोठ्याने वाचा : लगाम, स्वार, नाल, रिकीब, तबेला. हे शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत. तुम्ही उर्दूत लगाम, सवार, नाल, रकाब, तबेला म्हणता. मराठी माणूसही जवळजवळ तेच म्हणतो. हे शब्द अरबी आणि फारसी भाषांतून आपल्याकडे आले. शब्दांप्रमाणे घोडेही आले. एकोणिसाव्या शतकात इराण-अरबस्तानच्या आखातातील बसरा, कुवेत अशा बंदरांतून दर वर्षी शेकडो अरबी घोडे जहाजाने मुंबईला येत. मुंबईत त्यांचा मोठा बाजार होता.

डौलदार मान, मोठे डोळे, उंच धरलेले शेपूट आणि दूरवर न थकता धावण्याची ताकद, ही अरबी घोड्याची ओळख. आज हा घोडा जगातील अनेक देशांत पाळला जातो. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी त्याच्या काही उत्तम घराण्यांवर मोठे संकट आले होते. ती घराणी टिकली, याचे बरेचसे श्रेय एका स्त्रीकडे जाते. तिचे नाव लेडी अ‍ॅन ब्लंट. आज आपण तिची ओळख तिच्या घोड्यांमधून करून घेऊ.

अ‍ॅनचा जन्म २२ सप्टेंबर १८३७ रोजी इंग्लंडमध्ये झाला. प्रसिद्ध इंग्रज कवी बायरन हे तिचे आजोबा. तिच्या आईचे नाव एडा लव्हलेस. संगणक प्रत्यक्षात येण्याच्या कितीतरी आधी, १८४३ साली, यंत्राकडून गणित कसे करून घेता येईल हे एडा यांनी लिहून ठेवले होते. अ‍ॅन पंधरा वर्षांची असतानाच आई वारली. अ‍ॅनला चित्रकला आणि व्हायोलिनवादन यांची आवड होती. तिला अनेक भाषा येत होत्या. आणि लहानपणापासून तिचा सर्वांत मोठा छंद होता घोड्यांचा. १८६९ साली विल्फ्रिड ब्लंट यांच्याशी तिचा विवाह झाला. पतीलाही प्रवासाची आणि घोड्यांची आवड होती. ते कवी होते.

अस्सल अरबी घोडे पाहायचे, तर ते जिथे जन्मतात तिथेच गेले पाहिजे, असे दोघांनी ठरवले. १८७७ च्या अखेरीस ते सीरियातील हलब शहरी पोहोचले. त्या वर्षीच्या नाताळच्या दिवशी त्यांनी एक घोडी विकत घेतली. तिचे नाव दजानिया. पुढे जे मोठे काम उभे राहिले, त्याची सुरुवात या एका घोडीपासून झाली. मग त्यांनी फुरात नदीच्या काठाने बगदादपर्यंत प्रवास केला आणि वाटेत बदाऊनी टोळ्यांच्या तंबूंत मुक्काम केला.

तेथे अ‍ॅनबाईंनी काय पाहिले? बदाऊनी लोकांची घोडी तंबूच्या दाराशीच बांधलेली असे. तिचे शिंगरू घरातल्या मुलांबरोबर वाढे. मुले त्याच्या अंगाखांद्यावर खेळत. त्यामुळे त्याला माणसाची भीती म्हणून वाटत नसे. मोठे झाल्यावर त्याच्या तोंडात लोखंडी कडी घालण्याची गरज पडत नसे. नुसत्या दाव्याने आणि स्वाराच्या आवाजाने ते वळे. घोडा मारून वठणीवर आणायचा असतो, असे ज्यांना वाटते, त्यांना ही गोष्ट खरी वाटणार नाही. अ‍ॅनबाईंनी मात्र ती डोळ्यांनी पाहिली आणि मनात ठेवली.

दुसरी गोष्ट त्याहून नवलाची होती. बदाऊनी माणसाकडे कागद नव्हता, दप्तर नव्हते. पण आपल्या घोडीची आई कोण, तिची आई कोण, ती कोणत्या टोळीकडून आली, हे त्याला तोंडपाठ असे. घोड्याचे घराणे ते आईवरून ओळखत. कुहैलान, सक्लावी, उबय्यान, हमदानी, हदबान ही त्यांतील नामांकित घराणी. ज्या घोड्याच्या वंशात कुठेही भेसळ नाही, त्याला ते 'असील' म्हणत. मराठीतील 'अस्सल' आणि उर्दूतील 'असल' हे शब्द त्याच कुळातले आहेत, हे तुमच्या लक्षात आले असेल.

अ‍ॅनबाई अरबी भाषा शिकल्या. का बरे? दुभाष्याच्या तोंडून ऐकलेली वंशावळ त्यांना पुरेशी वाटत नव्हती. घोडा ज्याच्या घरी वाढला, त्याच्याच तोंडून त्यांना ती ऐकायची होती.

या भाषेचा उपयोग त्यांना लवकरच झाला. डिसेंबर १८७८ मध्ये दोघेजण दमास्कसहून नज्दकडे निघाले. हा अरबस्तानचा आतला, वाळवंटी मुलूख. तदमूर गावचा मुहम्मद नावाचा एक तरुण त्यांच्या सोबतीला होता. जानेवारी १८७९ च्या सुरुवातीला वादी सिरहान नावाच्या सखल भागातून जाताना पतिपत्नी तांड्यापासून थोडे वेगळे पडले. इतक्यात भाले रोखून काही घोडेस्वार त्यांच्या अंगावर चालून आले. अ‍ॅनबाईंचा गुडघा दुखावलेला होता. त्यांना चटकन घोडीवर चढता येईना. हल्लेखोरांनी विल्फ्रिड यांच्या हातची बंदूक हिसकावली आणि तिनेच त्यांच्या डोक्यावर घाव घातले. अ‍ॅनबाईही भाल्याच्या धक्क्याने खाली पडल्या.

त्या वेळी अ‍ॅनबाईंनी बंदुकीकडे धाव घेतली नाही. त्यांनी अरबीत ओरडून सांगितले, की आम्ही तुमच्या आश्रयाला आलो आहोत. अशा माणसाला अरबीत 'दखील' म्हणतात. 'दाखल' हा शब्द तुम्हांला माहीतच आहे. दखील म्हणजे जणू आपल्या घरात दाखल झालेला माणूस. वाळवंटाच्या रिवाजाप्रमाणे अशा माणसाच्या जिवाला कोणी हात लावत नाही. मार थांबला. मग बोलणे झाले. हल्ला करणारे रुवला टोळीचे निघाले आणि त्या टोळीच्या प्रमुखाशी ब्लंट पतिपत्नींची आधीच दोस्ती होती. हे कळताच लुटलेल्या घोड्या परत देण्यात आल्या. इतक्या सुंदर घोड्या परत देताना त्या स्वारांना फार हळहळ वाटली! थोड्याच वेळात सगळे एकत्र बसून खजूर खात होते.

पुढे नफूदचे लाल वाळूचे वाळवंट ओलांडून ते हाईल या शहरी पोहोचले. तेथील अमीर मुहम्मद इब्न रशीद यांच्या तबेल्याची फार ख्याती होती. अ‍ॅनबाईंनी तो तबेला पाहिला आणि तेथील घोड्यांचे बारकाईने वर्णन लिहिले. या प्रवासावरचे त्यांचे पुस्तक १८८१ साली प्रसिद्ध झाले.

इकडे इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यातील क्रॅबेट पार्क येथे त्यांनी १८७८ सालीच अरबी घोड्यांची पैदास सुरू केली होती. दजानिया तेथे पोहोचली. पुढे रोदानिया नावाची नामांकित घोडी आली. एकेका घोडीपासून शिंगरे झाली, त्या शिंगरांची पुढे शिंगरे झाली. १८८३-८४ च्या हिवाळ्यात ब्लंट पतिपत्नी हिंदुस्थानातही येऊन गेले.

आता त्या संकटाकडे वळू. इजिप्तमध्ये अब्बास पाशा नावाच्या राज्यकर्त्याने अफाट खर्च करून अरबस्तानातील उत्तमोत्तम घोडे जमवले होते. १८५४ साली त्याचा मृत्यू झाला. पुढे त्यांतील बरेच घोडे अली पाशा शरीफ या सरदाराकडे आले. त्याने ते जिवापाड सांभाळले. परंतु साथीच्या रोगात त्याचे अनेक घोडे दगावले. नंतर त्याच्यावर कर्जाचा डोंगर झाला. घोडे विकण्याशिवाय त्याला मार्ग राहिला नाही. हे घोडे चार दिशांना गेले असते, तर त्यांचे घराणे संपल्यातच जमा होते. कारण कोणता घोडा कोणाचा, हेच पुढे कोणाला सांगता आले नसते.

ब्लंट पतिपत्नींनी कैरोजवळ शेख उबैद नावाची एक बाग १८८२ साली घेतली होती. एका वलीच्या कबरीवरून त्या बागेला हे नाव पडले होते. १८८९ पासून त्यांनी अली पाशांचे घोडे घेण्यास सुरुवात केली. त्यांतील एक लालसर रंगाचा, पांढऱ्या पायांचा घोडा होता मसऊद. उर्दूत मसऊद म्हणजे भाग्यवान. तो नावाप्रमाणेच निघाला. १८९१ साली तो क्रॅबेटला आला आणि त्याची संतती पुढे देशोदेशी पसरली. १८९६ आणि १८९७ साली अली पाशांच्या उरलेल्या घोड्यांचे लिलाव झाले. तेव्हाही अ‍ॅनबाईंनी निवडक घोडे घेतले.

पण त्यांचे खरे काम लिलाव संपल्यानंतरचे आहे. प्रत्येक घोड्याचे नाव, रंग, घराणे, त्याची आई, आईची आई, हे सारे त्या वहीत टिपून ठेवत. जाणत्या माणसांना त्या अरबीत विचारत. एकाचे सांगणे दुसऱ्याच्या सांगण्याशी ताडून पाहत. बदाऊनींनी जे पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ ठेवले होते, ते अ‍ॅनबाईंनी कागदावर आणले.

पुढचा काळ त्यांना सुखाचा गेला नाही. पतीशी मतभेद वाढले. १९०६ साली दोघे वेगळे झाले आणि घोड्यांचीही वाटणी झाली. ज्या कळपासाठी दोघांनी वाळवंट तुडवले, तो कळप दोन भागांत विभागला गेला. अ‍ॅनबाई बराच काळ शेख उबैदच्या बागेत राहू लागल्या. तेथे खजुराची झाडे, घोडे, अरबी पुस्तके आणि आजूबाजूची माणसे हाच त्यांचा संसार होता. १५ डिसेंबर १९१७ रोजी कैरो येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्या ऐंशी वर्षांच्या होत्या.

आपले घोडे त्यांनी नातींच्या नावे केले होते. त्यावरून नातींचे आजोबा आणि अ‍ॅनबाईंची मुलगी ज्युडिथ यांच्यात कोर्टकज्जा सुरू झाला. घोडे तर मुके! वाद माणसांचा, हाल मात्र त्यांचे झाले. शेवटी १९२० साली निकाल नातींच्या बाजूने लागला आणि ज्युडिथने क्रॅबेटचे काम हाती घेतले. वाटणी झालेला कळप पुन्हा एका ठिकाणी आला.

त्याच सुमारास एक सुंदर गोष्ट घडली. इजिप्तमध्ये जुन्या घराण्यांचे घोडे आता फारच थोडे उरले होते. तेथील शाही कृषी संस्थेने १९२० साली क्रॅबेटहून सुमारे वीस घोडे विकत घेतले. ज्या देशातून अली पाशांचे घोडे गेले होते, त्याच देशात त्यांची नातवंडे-पतवंडे परत आली. अ‍ॅनबाईंनी ते रक्त जपले नसते आणि त्याची नोंद ठेवली नसती, तर इजिप्तने ते कोठून आणले असते?

आज क्रॅबेटचा तो तबेला उरलेला नाही. तेथून मोठा रस्ता गेला आणि १९७० नंतर थोड्याच वर्षांत ते काम कायमचे बंद झाले. परंतु रशिया, पोलंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांतील अनेक अरबी घोड्यांची वंशावळ मागे मागे नेली, तर ती दजानिया, रोदानिया किंवा मसऊद यांच्यापाशी पोहोचते.

मित्रांनो, अ‍ॅनबाईंची आणखी एक वस्तू जगात प्रसिद्ध आहे. ती म्हणजे त्यांचे व्हायोलिन. इटलीतील स्ट्रादिव्हारी या कारागिराने ते १७२१ साली बनवले. आजही ते 'लेडी ब्लंट' याच नावाने ओळखले जाते. २०११ साली त्याचा लिलाव झाला आणि आलेले पैसे जपानमधील भूकंपग्रस्तांना देण्यात आले. व्हायोलिन पेटीत जपून ठेवले, की तीनशे वर्षेही टिकते. घोडा तसा टिकत नाही. तो पंचवीस-तीस वर्षे जगतो आणि जातो. त्याला टिकवायचे, तर प्रत्येक पिढीत कोणीतरी नव्याने काळजी घ्यावी लागते, नव्याने नोंद करावी लागते. म्हणून घोड्यांच्या रूपाने राहिलेली आठवण ही एकट्या अ‍ॅनबाईंची नाही. तंबूच्या दाराशी शिंगरू वाढवणारी बदाऊनी मुले, कर्जात बुडेपर्यंत घोडे सांभाळणारे अली पाशा, पहाटे उठून चारा-पाणी करणारे मोतद्दार, या सर्वांची ती आठवण आहे. अ‍ॅनबाईंनी ती लिहून ठेवली, एवढेच.

एवढेच म्हटले, पण ते सोपे काम नाही. खरे वाटत नसेल, तर एक करून पाहा. बदाऊनी माणूस आपल्या घोडीच्या आईच्या आईचे नाव सांगू शकत असे. तुम्हांला तुमच्या आईच्या आईचे नाव माहीत असेल. तिच्या आईचे नाव सांगता येईल का? ती कोणत्या गावची होती? तिला काय चांगले करता येत असे? आज घरी गेल्यावर नानीजवळ बसा आणि विचारा. ती जे सांगेल, ते वहीत लिहून ठेवा. उर्दूत लिहा किंवा मराठीत लिहा. पण तारीख घालायला विसरू नका.